पडद्यावरचा सिद्धार्थ आणि लेण्यातली नावे





आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तीत इतिहासावर चार पाने तुम्ही लिहाच, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी काही इतिहासकार नाही. रोह्याला लहानाचा मोठा झालो, नोकरीमुळे पेणला स्थायिक झालो, वाचनाची आवड आहे, एवढेच माझे भांडवल. पण सांगण्याजोगी एक गोष्ट माझ्याकडे आहे.

वर्षावासातल्या एका रविवारी ग्रंथवाचन आटोपल्यावर आपण पांढरी चादर बांधून एक जुना मूकपट पाहिला. तथागतांच्या जीवनावरचा, १९२५ सालचा. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या कंपनीने काढलेला. इंग्रजीत नाव ‘द लाइट ऑफ एशिया’, आपल्याकडे ‘प्रेम संन्यास’. चित्रपट संपल्यावर आपल्या संस्कार वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, ‘‘काका, तो म्हातारा दाखवला ना रस्त्यावर, त्याचं नाव काय?’’ मी म्हटलं, त्याचं नाव दिलेलं नाही. ती म्हणाली, ‘‘राजाचं नाव दिलंय, मग त्याचं का नाही?’’

मला उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

गोऱ्यांनी रंगवलेला हिंदुस्थान

आजच्या मुलांना मूकपट म्हणजे काय ते सांगावे लागते. चित्र हलते पण बोलत नाही. मध्ये मध्ये पाटी येते, तीवर संवाद किंवा माहिती लिहिलेली असते. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्याने वाचून दाखवायचे. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तो असाच. त्यात तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही. साळुंके नावाच्या, हॉटेलात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या तरुणाने ती भूमिका केली. पुढे ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. फाळक्यांनी १९२३ साली ‘बुद्धदेव’ नावाचाही चित्रपट काढला होता.

त्या काळात युरोपातल्या लोकांना हिंदुस्थानचे भारी वेड. पण कसला हिंदुस्थान? हत्ती, वाघ, साप, योगी आणि क्रूर महाराजा. १९२१ साली जर्मनीत जो माय यांनी ‘दास इंडिशे ग्राबमाल’ म्हणजे ‘हिंदी समाधी’ हा मोठा दोन भागांचा चित्रपट काढला. त्यातला हिंदुस्थान बर्लिनजवळ लाकूड-प्लास्टरचा उभारलेला होता. महाराजाचे काम कॉनराड फाइट या जर्मन नटाने केले, योगीही जर्मनच. तोंडाला रंग फासला की झाला हिंदी माणूस! ज्या देशाची गोष्ट, त्या देशातल्या माणसाला त्या गोष्टीत महत्त्वाची जागा नाही. आपण दुसऱ्याच्या कल्पनेत कसे दिसतो, हे दुसऱ्यानेच ठरवायचे, असा हा मामला.

हे लक्षात घेतले तरच १९२५ च्या चित्रपटाचे महत्त्व कळते.

म्युनिकची कंपनी आणि जयपूरचे हत्ती

हिमांशु राय हे बंगाली तरुण लंडनला कायद्याचे शिक्षण घ्यायला गेले आणि नाटकात रमले. निरंजन पाल हे त्यांचे सोबती, थोर पुढारी बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव. या दोघांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीला गळ घातली. ठरले ते असे की, दिग्दर्शक, कॅमेरे आणि तंत्रज्ञ जर्मन कंपनीने द्यायचे. इथला खर्च, नट आणि जागा हिंदी मंडळींनी बघायच्या. दिग्दर्शक आले फ्रांझ ऑस्टेन. सोबत योझेफ विर्शिंग आणि विली कीरमायर हे छायाचित्रकार. विर्शिंग पुढे हिंदुस्थानातच राहिले. ‘महल’ आणि ‘पाकीजा’ चे छायाचित्रण त्यांचे, हे सांगितले की जुन्या मंडळींना ओळख पटेल.

कथेचा आधार सर एडविन अर्नोल्ड यांचे १८७९ सालचे इंग्रजी काव्य. हे अर्नोल्ड साहेब तरुणपणी, १८५७ च्या सुमारास, पुण्याच्या संस्कृत कॉलेजचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे युरोप-अमेरिकेच्या घराघरात बुद्धचरित्र नेणारा माणूस काही वर्षे आपल्या महाराष्ट्राचे पाणी प्यालेला होता.

या चित्रपटात सगळ्या भूमिका हिंदुस्थानातल्या माणसांनी केल्या. सिद्धार्थ स्वतः हिमांशु राय. राजा शुद्धोदन चित्रकार शारदा उकील. देवदत्त प्रफुल्ल राय. जयपूरच्या महाराजांच्या मदतीमुळे हत्ती, घोडे, उंट, दरबारी पोशाख सगळे खरे मिळाले. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पाटी येते की स्टुडिओतले देखावे, कृत्रिम दिवे, खोटे सामान, रंगरंगोटी यातले काहीही वापरलेले नाही. आज आपल्याला ती साधी जाहिरात वाटेल. पण चारच वर्षांपूर्वी तोंडाला रंग फासून जर्मन माणूस महाराजा झाला होता, हे आठवले की त्या पाटीचा अर्थ कळतो. आम्ही आमच्याच तोंडाने आमची गोष्ट सांगतो, असे त्या पाटीचे म्हणणे होते. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

बाईचे काम कोण करणार?

सिद्धार्थाच्या पत्नीचे नाव या चित्रपटात गोपा आहे. आपण यशोधरा म्हणतो, ‘ललितविस्तर’ या ग्रंथात गोपा म्हटले आहे. हे काम केले सीता देवी यांनी. पण हे त्यांचे पडद्यावरचे नाव. खरे नाव रेनी स्मिथ, अँग्लो-इंडियन घरातली मुलगी, वयाने अगदी कोवळी. त्या काळी ‘चांगल्या’ म्हणवणाऱ्या घरातल्या बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत नसत. मग अँग्लो-इंडियन आणि यहुदी घरांतल्या मुली पुढे आल्या. मात्र बऱ्याच जणींना नाव बदलावे लागले. रेनीची सीता झाली, पुण्याच्या रूबी मायर्सची सुलोचना झाली. चेहरा चालतो, नाव चालत नाही!

यहुद्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावची गोष्ट सांगतो. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्राएल समाज शेकडो वर्षे राहिला. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. बोली मराठी, आडनावे गावांवरून: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर. पेणचे सिनेगॉग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. पण ज्या ‘आलम आरा’ने १४ मार्च १९३१ रोजी आपल्या देशातला चित्रपट बोलायला लागला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड, आडनाव पेणकर, याच बेने इस्राएल समाजाचे. देशातला पहिला बोलपट लिहिणाऱ्याच्या आडनावात आपले पेण आहे, हे पेणमधल्या किती जणांना माहीत आहे? मलाही पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हते.

सांगायचे हे की, सिनेमा काही एकाच जातीच्या, एकाच धर्माच्या लोकांनी उभा केला नाही. पारशी, मुसलमान, यहुदी, अँग्लो-इंडियन, बंगाली, मराठी, जर्मन, सगळ्यांचे हात लागले. मग आपले?

विंडसर आणि महाड

चित्रपट आधी युरोपात गाजला. १९२५ च्या ऑक्टोबरात म्युनिकला दाखवला गेला. लंडनला कित्येक महिने चालला. एप्रिल १९२६ मध्ये विंडसरच्या राजवाड्यात खुद्द पंचम जॉर्ज बादशहापुढे त्याचा खास खेळ झाला. हिंदुस्थानात मात्र त्याला तितका पैसा मिळाला नाही. चित्रपटाची बांधणीही परदेशी पाहुण्यांसाठीच केलेली दिसते. सुरुवातीला गोरे प्रवासी हिंदुस्थान बघत फिरतात, बोधगयेला येतात आणि तिथे एक वृद्ध त्यांना सिद्धार्थाची गोष्ट सांगतो. म्हणजे गोष्ट आपली, सांगणारा आपला, पण ऐकणारा तिकडचा. हत्तीची मिरवणूक, बाजार, गारुडी हे सगळे त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. जर्मनीतला खोटा हिंदुस्थान गेला आणि खरा आला, पण बघायची खिडकी तीच राहिली.

सिलोन आणि मलाया या भागांत तर चित्रपटावर बंदी आली. तथागतांची भूमिका एखाद्या नटाने करावी, हे तिथल्या बौद्धांना रुचण्यासारखे नव्हते. १९२७-२८ साली सरकारने नेमलेल्या सिनेमा चौकशी समितीपुढे हिमांशु राय यांनी साक्ष दिली. आपल्याला आज ही बंदी अतिरेकी वाटेल. पण जुन्या शिल्पांत बुद्ध मानवी रूपात दाखवतच नसत. सांचीच्या तोरणांवर रिकामे आसन, पाऊलखुणा, बोधिवृक्ष आणि चक्र आहे. १९५६ साली बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षी बिमल रॉय यांच्या निर्मितीत राजबन्स खन्ना यांनी ‘गौतम द बुद्ध’ हा माहितीपट केला, त्यातही बुद्धाचे काम करणारा नट नाही. शिल्पे, चित्रे आणि निसर्ग यांतूनच चरित्र सांगितले आहे. दाखवायचे कसे, हा प्रश्न असा जुना आहे.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. एप्रिल १९२६ ला विंडसरला बादशहाने पाहिले की एक राजपुत्र दुःखी माणसाला पाहून कळवळतो आणि राजवाडा सोडतो. त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत, २० मार्च १९२७ ला, आपल्याच कुलाबा जिल्ह्यात महाडला बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यामागे हजारो माणसे चवदार तळ्याकडे चालत गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. त्याबद्दल त्यांची डोकी फोडण्यात आली. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. कायदा होता, पाणी नव्हते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले.

बादशहाच्या राज्यात सिद्धार्थाची करुणा पडद्यावर कौतुकाने पाहिली जात होती आणि त्याच राज्यात सिद्धार्थाच्या देशातली माणसे तळ्याच्या काठावर मार खात होती. चित्रपट काढणाऱ्यांनी मुद्दाम काही लपवले असे मी म्हणत नाही. त्यांना ते दिसलेच नाही. न दिसणे हेच आपले दुखणे होते.

चार दृश्ये की रोहिणीचे पाणी?

चित्रपटात गोष्ट नेहमीचीच आहे. सिद्धार्थ सुखात वाढतो, एके दिवशी वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहतो, मन उडते आणि मध्यरात्री घर सोडतो. पडद्याला ही गोष्ट फार सोयीची. एक म्हातारा दाखवला, एक आजारी दाखवला, एक तिरडी दाखवली की काम झाले. रडणारा प्रेक्षक रडतो.

पण बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नेमका याच गोष्टीवर बोट ठेवले. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दुसरी हकीकत पुढे ठेवली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण लागले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थ संघाचा सभासद होता, त्याने विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले आणि त्याला देश सोडावा लागला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनीही आपल्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात या दिशेने विचार मांडला होता.

भगिनींनो, बंधूंनो, या दोन गोष्टींत केवढा फरक आहे बघा! पहिल्या गोष्टीत वृद्ध आणि रोगी हे सिद्धार्थाच्या डोळ्यांसमोरून जाणारी दृश्ये आहेत. त्यांना नाव नाही, बोलणे नाही. ते फक्त राजपुत्राला वैराग्य यावे म्हणून आहेत. दुसऱ्या गोष्टीत माणसे पाण्यासाठी भांडतात, सभा भरते, मतदान होते, एक जण उभा राहून ‘नको’ म्हणतो. इथे माणसे देखावा म्हणून नाहीत, ती इतिहास घडवणारी आहेत. चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेल्या माणसाला पाण्याच्या भांडणाची गोष्ट खरी वाटावी यात नवल ते काय?

त्या मुलीचा प्रश्न इथे येऊन मिळतो. म्हाताऱ्याला नाव का नाही? कारण तो त्या गोष्टीत माणूस म्हणून आलेलाच नाही.

अछूत कन्या आणि रोझी

हिमांशु राय, निरंजन पाल आणि ऑस्टेन हे त्रिकूट पुढेही टिकले. याच मंडळींनी ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ हे मूकपट केले. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज निघाली आणि १९३६ साली तिने ‘अछूत कन्या’ काढला. तो बोलपट. रेल्वे फाटकावरच्या रखवालदाराची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांच्या प्रेमाची गोष्ट. कस्तुरीचे काम देविका राणी यांनी केले, टागोरांच्या नात्यातल्या, विलायतेत शिकलेल्या. प्रताप म्हणजे अशोक कुमार. शेवटी कस्तुरी आगगाडीखाली मरते.

त्या काळी असा विषय घेणे सोपे नव्हते, हे मान्य. त्या चित्रपटाने अनेकांच्या डोळ्यांत पाणी आणले. पण त्याच १९३६ साली बाबासाहेबांचा ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हा निबंध छापून निघाला. चित्रपट म्हणत होता, बिचारीची दया करा. बाबासाहेब म्हणत होते, दया नको, जात मोडा. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. अस्पृश्यतेविरुद्धचा हा चित्रपट दिग्दर्शित करणारे ऑस्टेन त्याच वर्षी हिटलरच्या नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३९ ला युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी त्यांना अटकेत टाकले. पडद्यावर करुणा दाखवणारा माणूस मनात काय बाळगून असेल, ते पडद्यावरून कळत नाही. म्हणून आपली गोष्ट दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोपवून निवांत राहता येत नाही.

आणि आपली मुलगी खरोखर पडद्यावर आली तेव्हा काय झाले? १९३० च्या सुमारास त्रिवेंद्रमला जे. सी. डॅनियल यांचा ‘विगतकुमारन’ हा मल्याळम भाषेतला पहिला मूकपट लागला. नायिका होती पी. के. रोझी, दलित घरातली. भूमिका नायर स्त्रीची. अस्पृश्य बाई नायर स्त्री होते, हे थिएटरातल्या उच्चवर्णीयांना सहन झाले नाही. दंगा झाला, तिच्यावर हल्ले झाले, तिला मुलूख सोडून तामिळनाडूत पळून जावे लागले. पुढचे आयुष्य तिने ओळख लपवून काढले. त्या चित्रपटाची प्रतही आज शिल्लक नाही.

उच्च घरातल्या बाईने अस्पृश्य मुलगी व्हावे, तर टाळ्या. अस्पृश्य मुलीने नायर स्त्री व्हावे, तर दगड. एकाच दशकातल्या या दोन गोष्टी. यावर मी वेगळे काही सांगायला नको.

म्हणून आपल्या लोकांनी कॅमेऱ्याची वाट पाहिली नाही. कॅमेऱ्याला पैसा लागतो, जलशाला ढोलकी आणि गळा पुरतो. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तिथे नट आपला, गोष्ट आपली, बघणाराही आपलाच. पुढे काळ बदलला. २००० साली डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आला. बाबासाहेबांची भूमिका केरळचे मुसलमान नट मामुट्टी यांनी केली आणि मनापासून केली. आपल्याला ते परके वाटले नाहीत. म्हणजे प्रत्येक भूमिका त्याच जातीच्या माणसाने करावी, असा आपला हट्ट कधीच नव्हता. हट्ट एवढाच, की आमची जागा आम्हाला मिळावी आणि आमची गोष्ट सांगताना आम्हाला विचारावे. २०१३ साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला तेव्हा दगड मारणारा पोरगा गोष्टीच्या मध्यभागी होता आणि दगड प्रेक्षकांच्या दिशेने आला होता.

कुड्याच्या लेण्यात

चित्रपट पाहिल्यानंतर महिन्याभराने आम्ही काही जण रोह्याहून कुडा लेणी पाहायला गेलो. रोह्याच्या दक्षिणेला, तळा तालुक्यात, मांदाडजवळ राजपुरीच्या खाडीवर ही २६ लेणी आहेत. अनेकजण शेजारी राहूनही गेलेले नाहीत. माझीच पहिली खेप शाळेच्या सहलीत झाली होती आणि तेव्हा आम्ही फक्त वटवाघळे मोजली होती!

ही लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली. तेव्हा इथे मांदव घराण्याचे महाभोज सत्ता चालवत होते. राजपुरीची खाडी म्हणजे व्यापाराचा रस्ता. बुद्धाच्या मूर्ती इथे आहेत, पण त्या नंतरच्या काळातल्या. मूळच्या लेण्यांत मूर्तीपेक्षा महत्त्वाची आहेत ती भिंतीवरची अक्षरे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. अभ्यासकांनी ती वाचून ठेवली आहेत.

आता त्यांत कोण आहे ते ऐका. महाभोजांच्या पदरचा लेखक, म्हणजे कारकून, शिवभूती. त्याचा धाकटा भाऊ शिवम. शिवमची पत्नी विजया आणि मुलगे यांनी कोरीव काम करवले, तर मुलींनी खांब दिले. सगळ्यांची नावे कोरलेली आहेत, मुलींचीसुद्धा! पदुमनिका नावाची भिक्खुणी आहे, तिची आई नागनिका, तीही भिक्खुणी, आणि पदुमनिकेच्या शिष्या बोधी आणि आसाळ्हमिता. मुगुदास नावाचा माळी आहे. वैद्याचा मुलगा सोमदेव आहे. करहाकड म्हणजे कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. तांडा घेऊन फिरणारे सार्थवाह आहेत. भयिला नावाची ब्राह्मण स्त्री आहे, उपासक ब्राह्मणाची पत्नी, तिने चैत्यगृह दिले.

बंधू-भगिनींनो, त्या लेण्यात उभा राहिलो आणि मला त्या मुलीचे उत्तर मिळाले. इथे माळ्याला नाव आहे. इथे भिक्खुणीला नाव आहे आणि तिच्या आईलाही आहे. कारकून, वैद्य, व्यापारी, ब्राह्मणी एकाच डोंगरात शेजारी शेजारी आहेत. धम्माच्या सावलीत जो जो आला, त्याने आपले नाव सांगून दान दिले, आणि कोरणाऱ्याने ते कोरले. अर्थात तिथेही सगळ्यांना न्याय मिळाला असे नाही. दगड फोडणाऱ्या हातांची नावे कुठे आहेत? पेणहून गणपतीच्या मूर्ती देशभर जातात, लोक हात जोडतात, पण मूर्तीचे डोळे ज्याने रंगवले त्याचे नाव कोणाला ठाऊक असते? ते तसेच.

तरीही म्युनिकच्या त्या चित्रपटात हजारो चेहरे आहेत आणि नावे मोजकी. कुड्याच्या डोंगरात चेहरे थोडे आहेत आणि नावे पुष्कळ. आता मला वाटते, माणसाला त्याची जागा देणे म्हणजे नुसता त्याचा चेहरा दाखवणे नव्हे. तो कोण, कोणाचा, काय करायचा, त्याने काय दिले, हे लिहून ठेवणे. चेहरा गर्दीतही दिसतो. नाव घेतले की माणूस गर्दीतून बाहेर येतो.

आपल्या विहाराची भिंत

आता शेवटचे आणि आपल्या घरचे. आपल्या विहाराच्या पायाभरणीचा एक फोटो कार्यालयात लावलेला आहे. त्यात पाहुण्यांची नावे खाली लिहिली आहेत. ती योग्यच आहेत. पण मागे घमेले घेऊन उभ्या असलेल्या बाया, विटा उचलणारी पोरे, कोपऱ्यात पदर खोचून उभी असलेली आजी, यांची नावे कुठेच नाहीत. त्यातल्या काहींना ओळखणारी माणसे आज आपल्यात आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक घराने जुने फोटो बाहेर काढावेत. घरातल्या वृद्धांना शेजारी बसवून फोटोतल्या प्रत्येकाचे नाव, गाव, काम विचारावे आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहावे. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उमटते. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत एक पान फक्त या नावांसाठी ठेवावे. आईची नावे विसरू नयेत. त्या दिवशी तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच हे काम सोपवावे, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे आणि तिने ‘‘हो’’ म्हटले आहे.

तो मूकपट अजून उपलब्ध आहे, जरूर पाहा. मुलांना दाखवा. सिद्धार्थ पाहा, गोपा पाहा, हत्ती पाहा. आणि रस्त्यावरचा तो म्हातारा दिसला की जरा थांबा. त्याचे नाव आपल्याला आता कधीच कळणार नाही. आपल्या म्हाताऱ्यांचे मात्र अजून कळू शकते.

भवतु सब्ब मंगलम्.

जयभीम!